अपघाताला मालक नाही

भारतातील कामगारांच्या सुरक्षेचे कायदे मुळात कारखाना डोळ्यांसमोर ठेवून रचले गेले आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा आणि विजेविना चालणाऱ्या जागेत वीस कामगार असले की त्या जागेला कारखाना मानले, आणि एकदा कारखाना ठरला की फिरत्या यंत्राला कठडा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, धूळ बाहेर काढण्याची सोय, अपघाताची नोंदवही अशा अटी मालकावर बंधनकारक झाल्या. या अटी पाळल्या जातातच असे नाही. मात्र मोडल्या तर कोणाला जाब विचारायचा याबद्दल संदिग्धता राहत नाही, कारण जागेला चार भिंती असतात, दारावर पाटी असते आणि आत हजेरीपट असतो. शहरातील बहुसंख्य कष्टकऱ्यांच्या कामाला यांपैकी काहीच नसते. नाक्यावर उभा राहून रोज नव्या ठेकेदाराबरोबर जाणारा बिगारी, घरोघरचा कचरा उचलणारी बाई, पदपथावर भाजी विकणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, भंगाराच्या गाळ्यात प्लास्टिक निवडणारा पोरगेला मजूर, या सगळ्यांची कामाची जागा म्हणजे दुसऱ्याचे घर, रस्ता, गच्ची किंवा गटार असते, आणि तिथे काही विपरीत घडले तर त्या अपघाताला मालक सापडत नाही.

असंघटित क्षेत्र या संज्ञेबद्दल थोडा खुलासा आवश्यक आहे. वैयक्तिक मालकीचे किंवा कौटुंबिक, दहापेक्षा कमी माणसांचे उद्योग म्हणजे असंघटित क्षेत्र अशी ढोबळ व्याख्या केली जाते. परंतु मोठ्या कंपनीत ठेकेदारामार्फत, नेमणूकपत्राशिवाय आणि भविष्यनिर्वाह निधीशिवाय राबणारा माणूसही व्यवहारात असंघटितच असतो. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने या दोघांना एकत्र मोजले, तेव्हा २००४-०५ साली देशातील शंभर कष्टकऱ्यांपैकी सुमारे ९२ जण या वर्गात मोडत असल्याचे दिसून आले. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची देशातील चर्चा आणि तिची आकडेवारी मात्र मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांभोवतीच फिरत राहिली. सातव्या मजल्यावरच्या परांचीवरून पडलेल्या मजुराचा मृत्यू बहुधा पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदवला जातो, आणि त्या दोन शब्दांत तो कामाचा अपघात होता ही गोष्टच पुसली जाते. पाठीचे दुखणे, हाताच्या भेगा, जुनाट खोकला यांची तर एवढीही नोंद होत नाही, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल बंद, आणि त्यामुळे ही दुखणी अंगावर काढण्याकडेच कष्टकऱ्यांचा कल असतो.

इतिहासात मात्र कामगारांच्या आरोग्याच्या विद्याशाखेचा आरंभ कारखान्यात झालेला नाही. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने मोदेना शहरात शौचकूप उपसणाऱ्या एका माणसाला लगबगीने काम उरकताना पाहिले, त्या कामाने डोळ्यांना होणारा दाह त्याच्या लक्षात आला, आणि त्या कुतूहलातून पुढे १७०० साली कष्टकऱ्यांच्या आजारांवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारायचे त्यात ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतरही वस्तीतल्या दवाखान्यात खोकला घेऊन आलेल्या माणसाला तो काय काम करतो हे क्वचितच विचारले जाते. औषध मिळते, खोकला तात्पुरता शमतो आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत जाऊन उभा राहतो.

ही धूळ जवळून पाहण्यासारखी आहे. घराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कापताना, भिंतीत विजेच्या नळीसाठी खाच पाडताना किंवा जुनी फरशी फोडताना उडणाऱ्या पांढुरक्या धुळीत सिलिका नावाचे खनिज असते. डोळ्यांना दिसणारी जाडसर धूळ नाकात आणि घशात अडकते व खाकरून बाहेर पडते. खरा घात होतो तो सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाचपटीहूनही बारीक कणांमुळे, कारण हे कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे रुतून बसतात आणि त्यांच्याभोवती व्रणासारखे ताठर ऊतक तयार होत जाते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. हा आजार बरा करणारा उपचार नाही, धुळीपासून दूर गेल्यावरही तो वाढू शकतो, आणि सिलिकाने जर्जर झालेल्या फुप्फुसात क्षयरोगाला सहज शिरकाव मिळतो. क्षय आढळला की क्षयाची औषधे सुरू होतात, आणि त्यामागच्या सिलिकोसिसचे नाव कागदावर येतच नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक कणांपुढे निरुपयोगी असतो. उलट कापणाऱ्या चकतीवर पाण्याची बारीक धार सोडली की धुळीचा मोठा भाग उडण्याआधीच बसतो, आणि या उपायाला एक बादली, एक नळी व थोडा जास्त वेळ यांपलीकडे फारसे काही लागत नाही. पण तो जास्त वेळ देणार कोण? अंगावर घेतलेले, म्हणजे ठरावीक रकमेत उक्ते घेतलेले काम संध्याकाळपर्यंत संपवायचे असते, घरमालकाला भिंतीवर चिखलाचे ओघळ नको असतात, आणि मजुराला तर उद्याचे काम मिळवायचे असते. स्वयंपाकघरांसाठी बनणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशांमध्ये सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते, आणि त्या कापणाऱ्या तरुण कामगारांत सिलिकोसिस आढळू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली.

धोक्याच्या नियंत्रणाबद्दल कामगार-आरोग्याच्या शास्त्राने एक क्रम सांगितला आहे. सर्वांत आधी धोका मुळातच काढून टाकावा. ते शक्य नसेल तर घातक वस्तूऐवजी कमी घातक वस्तू वापरावी. त्यानंतर यंत्राची किंवा जागेची रचना बदलावी, मग कामाची पद्धत आणि वेळा बदलाव्यात, आणि हे सगळे करूनही जो धोका उरेल त्यासाठी शेवटी हातमोजे, मुखपट्टी, शिरस्त्राण यांसारखी वैयक्तिक संरक्षणाची साधने द्यावीत. असंघटित कष्टकऱ्यांच्या वाट्याला हा क्रम नेमका उलटा येतो. वर्षातून एकदा कार्यक्रम होतो, हातमोजे वाटले जातात, छायाचित्र निघते, आणि पुढच्या वर्षी ‘दिले तरी वापरत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते.

ही तक्रार कचरावेचक स्त्रियांच्या कामाशी ताडून पाहिली, तर तिचा फोलपणा ध्यानात येतो. कचरा निवडणे हे बोटांच्या टोकांचे कौशल्य आहे. प्लास्टिक जाड की पातळ, ताणले तर फाटते की लांबते, चुरगाळले तर कसा आवाज होतो, यावरून त्याची जात आणि भंगारातला भाव क्षणात ठरवला जातो, आणि दिवसभरात किती किलो माल निघाला यावर मिळकत अवलंबून असते. रबराचा जाड हातमोजा ही स्पर्शाची जाण बोथट करतो, उन्हात आतून घामाने चिकट होतो, कामाचा वेग कमी करतो, आणि इतके करूनही इंजेक्शनची सुई त्यातून आरपार जाते. काळ्या पिशवीची गाठ सोडून आत हात घातला जातो तेव्हा आत काय आहे हे त्या बाईला माहीत नसते: फुटलेली काच असेल, दाढीचे पाते असेल, घरी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची सुई असेल, वापरलेले डायपर किंवा सॅनिटरी पॅड कुजलेल्या अन्नात मिसळलेले असेल. जखमा, धनुर्वात, कावीळ, त्वचेचे विकार, श्वासाचे आजार आणि वाकून वाकून कायमची धरलेली कंबर हे सगळे त्या गाठ मारलेल्या पिशवीतून येते. ती पिशवी भरणारी व्यक्ती तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि आपल्या हातून कोणाला इजा झाली हे तिला कधी कळतही नाही.

पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या प्रश्नाचे टोक बरोबर पकडले. या संघटनेच्या सभासदांत दलित समाजातील स्त्रियांची संख्या मोठी आहे. तिने पहिली मागणी मान्यतेची केली: कचरा वेचणे हे काम आहे, वेचणारी माणसे शहराचा खर्च वाचवतात, म्हणून महानगरपालिकेने त्यांना ओळखपत्र द्यावे. ओळखपत्राचा आरोग्याशी थेट संबंध आहे, कारण ते नसताना पहाटे कचराकुंडीपाशी उभी असलेली बाई चोर ठरते, मार खाते, कुत्र्यांच्या तोंडी जाते आणि दवाखान्यात काय झाले ते सांगायला कचरते. पुढे २००८ मध्ये या कष्टकऱ्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. कुंडीत उतरून वेचण्याऐवजी दारातून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा हातात येणे हा वरकरणी व्यवस्थेतला बदल वाटतो. शास्त्राच्या भाषेत मात्र तो धोका मुळापाशी कमी करण्याचा उपाय आहे, आणि जिथे घरांनी तो खरोखर पाळला तिथे त्याने हातमोज्यांच्या वाटपापेक्षा अधिक काम केले. सॅनिटरी कचऱ्याबाबत तर आणखी साधी युक्ती पुढे आली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते पुडके उघडायचे नाही हे पाहताक्षणी समजते. वापरलेले पॅड उत्पादकांकडे परत पाठवण्याचे आंदोलनही या स्त्रियांनी केले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर टाकली, आणि उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवावे असेही सांगितले. कायद्याने येथे धोका निर्माण करणाऱ्याचे नाव घेतले आहे, आणि हेच या नियमांचे महत्त्व आहे. अंमलबजावणी मात्र अजून त्या ठिपक्याइतकीच लहान आहे.

जोखीम ज्याच्यामुळे निर्माण होते त्याच्याकडून तिची किंमत वसूल करायची, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बाजारपेठेतील हमालाला अनेक व्यापारी असत आणि त्यामुळे एकही मालक नसे. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात, पोत्यामागे मजुरी, आणि पाठ गेली की घरी. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील संघटनांनी ही कोंडी सार्वजनिक केली, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. व्यापारी, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेले एक मंडळ स्थापन होते. मालक आणि कामगार दोघांचीही तिथे नोंदणी होते. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही देतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, औषधोपचार यांची तरतूद करते. कामगार-नुकसानभरपाईचा कायदाही या कामगारांना लागू करण्यात आला. म्हणजे विखुरलेल्या शंभर मालकांची मिळून कायद्याने एक जबाबदारी तयार केली, आणि कामगाराची टोळी कोणत्या गाळ्यावर गेली हे शोधत बसण्याची गरज उरली नाही.

ओझ्याचा प्रश्न मात्र मंडळ आल्यावरही लगेच सुटला नाही. शंभर किलोचे पोते ही धान्यबाजारात दीर्घ काळ रूढ गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. डोक्यावर किंवा पाठीवर चढवलेले वजन मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांमधील चकत्या दाबत जाते, आणि माणूस वजन घेऊन वळतो किंवा फळीवरून ट्रकमध्ये चढतो तेव्हा हा ताण कितीतरी वाढतो. चुंबळ टाळूचे रक्षण करते, मणक्याचे करत नाही. त्यामुळे पोतेच ५० किलोचे भरावे, यासाठी हमालांच्या संघटनांनी धरलेला आग्रह वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता. शिवाय पुण्याच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त आणि पोटभर जेवणाचे केंद्र चालवले, तेही आरोग्याचेच काम होते, कारण रिकाम्या पोटी ओझे उचलणारा माणूस अपघाताच्या अधिक जवळ असतो.

मृत्यूच्या बाबतीत सर्वांत निर्घृण जागा मैलाटाकीची आहे. टाकीत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूला आरंभी कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की हा वायू वासाची जाणीवच मारून टाकतो, आणि धोका टळला असे वाटण्याच्या क्षणी माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. एकाच टाकीत दोघे-तिघे मेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. माणसाला अशा टाकीत संरक्षणाविना उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारकामातील मृत्यूसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. तरीही खाजगी सोसायट्या तोंडी ठरवलेल्या ठेकेदाराला बोलावतात, आणि अपघात झाल्यावर ‘आम्ही त्याला उतरायला सांगितले नव्हते’ असे सांगितले जाते.

स्त्रियांच्या बाबतीत सुरक्षेचा अर्थ आणखी विस्तारतो. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या भाजीवालीला किंवा कचरावेचक बाईला स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून ती पाणीच कमी पिते, आणि उन्हाळ्यात यातून मूत्रमार्गाचा संसर्ग व उष्माघात दोन्ही संभवतात. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हा विषय संकोचातून बाहेर काढला. उष्म्याचा प्रश्न तर वर्षागणिक तीव्र होत आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला, आणि इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. पण दुपारी काम बंद ठेवण्याचा सल्ला रोजंदारीवरच्या माणसाला बुडालेल्या मजुरीची भरपाई न देता दिला जातो, तेव्हा तो सल्ला पाळणे त्याच्या हातात नसते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मात्र एक महत्त्वाचे पाऊल उचलले आहे. त्याने कामाच्या जागेच्या व्याख्येत राहते घरही घेतले, घरकामगार स्त्रीचा स्पष्ट उल्लेख केला, आणि जिथे दहा कामगारही नाहीत तिथल्या स्त्रीला जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे दाद मागण्याची वाट दिली. घर ही कामाची जागा आहे असे एका कायद्याला मानता येते, तर घरकाम करताना खिडकीच्या छज्ज्यावरून पडणाऱ्या बाईसाठी दुसऱ्या कायद्याला ते का मानता येऊ नये, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांपैकी एक व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याचीच आहे. तिच्यात नेमणूकपत्राची आणि वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे, आणि या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण संहितेचा मुख्य उंबरठा दहा कामगारांच्या आस्थापनेचाच राहिला, कारखान्याची मर्यादा विजेसह वीस आणि विजेविना चाळीस कामगारांपर्यंत वर गेली, आणि बांधकामाच्या बाबतीत स्वतःच्या राहत्या घराचे ५० लाख रुपयांपर्यंतचे काम वगळले गेले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ही सूट १० लाखांपर्यंत होती. शहरात नाक्यावरच्या मजुराला मिळणारे पुष्कळसे काम नेमके याच मर्यादेखालचे असते: सदनिकेचे नूतनीकरण, गळतीची दुरुस्ती, न्हाणीघराची फरशी, बाहेरच्या भिंतीचा रंग. मोठ्या बांधकामावर एक टक्का उपकर वसूल होतो आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. पण नोंदणीसाठी मजुराला वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि दर दोन दिवसांनी बदलणाऱ्या ठेकेदारांपैकी कोणीही ते देत नाही.

अशा कामांची लेखी नोंद शहरात अजिबातच नसते, असे मात्र नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावरची वही किंवा तिची जागा घेतलेले मोबाइल ॲप कोणता कामगार किती वाजता, कोणत्या सदनिकेत, कोणत्या कामासाठी आत गेला हे रोज टिपत असते, आणि नूतनीकरणाची परवानगी देताना पुष्कळ सोसायट्या सदनिकाधारकाकडून राडारोडा व उद्वाहनाच्या वापरापोटी अनामत रक्कमही घेतात. ही वही सध्या चोरीच्या भीतीपोटी ठेवली जाते. महापालिकेने आणि कल्याणकारी मंडळाने तीच नोंद ९० दिवसांचा पुरावा म्हणून ग्राह्य धरली, परवानगीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या रकमेत माथाडी मंडळाच्या धर्तीवर लेव्हीचा एक छोटा भाग जोडला, आणि परवानगीच्या अर्जात पाणी सोडून कापणी, उंचीवरच्या कामासाठी पट्टा व दोर, आणि मैलाटाकीत माणूस न उतरवणे एवढ्या तीन अटी घातल्या, तर त्यासाठी नव्या निरीक्षकांची फौज लागणार नाही. सोसायटीचा सचिव आणि सदनिकाधारक यांची नावे त्या अर्जावर आधीपासूनच असतात, त्यामुळे अपघात झाल्यास नुकसानभरपाई कोणाकडे मागायची हे फाटकावरच नोंदलेले असेल.